लहूदादांची सतरावी डिस्क

सकाळी मशीन सुरू होत असताना स्टुडिओत कुणी बसून राहायचं नाही, असा लहूदादांचा नियम होता. हातातला चहा खाली ठेवायचा, मोबाइल पर्समध्ये टाकायचा आणि उभं राहायचं. मी एडिटिंगच्या कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, आता आरती होणार. मी आपली टाळ्या वाजवायच्या तयारीत. आरती नव्हती. कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या मशीनचे पंखे घोंघावू लागले आणि काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. अक्षरं इंग्रजी, पण बोली इथल्या गावांतली. गोमा – हाय. पदीबाय – हाय. झिपरू – हाय. नावामागून नाव, आणि प्रत्येक नावापुढे हाय. शेवटचं नाव येऊन गेलं तसे लहूदादा मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "आयली सगली. चला, बसा आता."

"कोण हे सगळे?" मी विचारलं.

"आमच्या गावची मानसं."

"कुठं असतात?"

"मेली," लहूदादा म्हणाले आणि माझा चहा गार झाला म्हणून दुसरा सांगायला खिडकीशी गेले.

लहू घरत हे तसे इंजिनिअर. यातलं 'तसे' त्यांनी वाचलं असतं तर मला जिन्यावरून खाली सोडलं असतं. बेलापूरच्या एका कंपनीत ते मोठमोठी कॉम्प्युटर मशीनं सांभाळायचे. तिथं साहेबाशी वाजलं आणि ते पनवेलला परत आले. नोकरी का सोडली, तर "पटलं नाय." सोसायटीचं सेक्रेटरीपद का सोडलं, तर "पटलं नाय." त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच प्रकरणांचा निकाल या दोन शब्दांवर लागलेला होता. उंची बेताची, आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा, आणि मिशी रोज सकाळी छोट्या आरशात बघून कात्रीनं कोरलेली. पायात पांढरे बूट. ते बूट घालून ते शेतातून जात, होडीत चढत, हळदीच्या मांडवात रात्रभर नाचणाऱ्यांच्या मधून कॅमेरा घेऊन फिरत, आणि बूट पांढरेच राहत. हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे असूनही मला ते 'मॅडम' आणि 'तुमी' म्हणायचे. रागावले की 'ओ मॅडम' म्हणायचे.

स्टुडिओ उरण नाक्यापलीकडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. आसपासच्या गावांतली लग्नं आणि हळदी शूट करायच्या हा धंदा. बाहेरच्यांना सांगायला हवं, की इथल्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी असते. बेंजोवाले येतात, अख्खा गाव मांडवात असतो, काठी टेकत आलेली म्हातारीसुद्धा दोन पावलं टाकल्याशिवाय घरी जात नाही. बाकीचे व्हिडिओवाले चित्रण घरवाल्यांच्या हाती दिलं की आपल्याकडचं पुसून टाकतात. लहूदादांनी कधीच काही पुसलं नाही. कारण त्यांचं गाव विमानतळात गेलं होतं. माणसं नव्या प्लॉटवर आली, घरंही चांगली झाली, पण ती जुनी घरं, विहीर, मिठागराचा बांध, गावदेवीच्या देवळामागचा आंबा हे सगळं उरलं ते फक्त हळदीत नाचणाऱ्या माणसांच्या पाठीमागे. एडिटिंग चाललेलं असताना ते मध्येच ओरडत, "थांबवा, थांबवा! ह्यो बगा आमचा ओटा!" नवरीचा मामा पडदाभर नाचत असायचा, आणि त्याच्या कोपराखालून वीतभर ओटा दिसत असायचा. विमानतळ सुरू व्हायच्या आधी चाचणीचं विमान आलं, तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर बघायला गेलो. लहूदादांनी डोळ्यांवर हात धरला, अंदाज घेतला आणि म्हणाले, "आमच्या ओट्यावर उतरलाय." कुणी हसलं, कुणी हसलं नाही.

हे सगळं चित्रण आणि त्यातली मंडळी त्या मशीनमध्ये होती, आणि माणसं तिथं त्यांना भेटायला येत. एकदा कोन गावाहून एक बाई आली. नवरा जाऊन महिना झाला होता. "फोटो हाय वो दादा," ती म्हणाली, "पन मना चालता पायजे." लहूदादांनी फक्त एवढंच विचारलं, की तो शेवटी कुणाच्या हळदीला गेला होता. मग आम्ही शोधत बसलो. सापडला. मांडवाच्या कडेला हा गृहस्थ बेंजोवाल्याशी हुज्जत घालत होता, तेच गाणं परत वाजव म्हणून. मग वळला, खुर्चीत पाय अडकून पडला, पटकन उठला आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. बाई खदखदून हसली. "बगा, बगा! त्याला वाटतंय कुनी बगितलाच नाय!" परत लावा म्हणाली. परत लावलं. चौथ्यापाचव्या वेळेला ती हसता हसता रडायला लागली आणि मीही रडले. लहूदादा खिडकीबाहेर बघत मिशी ओढत उभे होते. तेवढा तुकडा तिच्या मोबाइलमध्ये घालून, चहा पाजून त्यांनी तिला पाठवलं आणि मग मला ओरडले, "ओ मॅडम, रडायला काय झालं तुमाला? तुमचा कोन लागत होता?"

आता मशीनबद्दल थोडं सांगायलाच हवं. मला ते जसं समजलं तसं सांगते. एका लग्नाचं चित्रण एकाच हार्ड डिस्कवर नसे. लहूदादांनी प्रत्येकाचे तुकडे करून ते सगळ्या डिस्कांवर पसरून ठेवले होते, आणि त्यात अशी तजवीज होती की एखादी डिस्क मेली तरी बाकीच्या मिळून तिचं भरून काढतील. मशीनची सिस्टिमही याच डिस्कांवर. त्यामुळे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जो एवढासा प्रोग्राम जागा होतो, ज्याला बूटलोडर म्हणतात, त्यानं आधी सगळ्या डिस्का ओळखायच्या आणि मगच मोठ्या सिस्टिमला उठवायचं. हा बूटलोडर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट घेता येणारा. लहूदादांनी तो घेतला आणि आपल्या चालीचा करून टाकला. त्यांची आई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई. "आय कशी मांडवात देवांना, पितरांना नाव घेवन घेवन बोलावते," ते समजावत, "तसा माजा बूटलोडर. नाव घेतल्याबिगर कोन येतं काय?" म्हणून डिस्कांना नंबर नव्हते. प्रत्येकीला गावातल्या एका मेलेल्या माणसाचं नाव होतं. नवी डिस्क आली की तिला हळदकुंकू लावून, नाव ठेवून मगच ती आत जायची.

एका सकाळी पदीबाय काही उठेना. पडद्यावर तिच्या नावापुढे 'वाट बगतंय' एवढंच येऊन थांबलं. आम्ही उभे. पाय दुखायला लागले तशी मी म्हटलं, "दादा, एक डिस्क नसली तरी चालतं म्हणालात ना?"

"चालतं. पन चालवायचं नाय. मानूस मागं ठेवून लगीन लावतात काय? म्हातारी हाय ती, येवंदे सावकाश."

आली. पण त्या दिवशी मला कळलं की हा बूटलोडर वाट बघतो ती बघतच राहतो. त्याला थांबायचं कधी ते शिकवलेलंच नव्हतं.

आय अधूनमधून स्टुडिओत यायची. नऊवारीचा काष्टा, हातात पिशवी, पिशवीत हटकून चिंबोऱ्या. खेकड्यांची पिशवी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून ती सकाळची हजेरी बघायची. आपल्या मैत्रिणींची नावं पडद्यावर आली की पदराआड हसायची. "लहू, माजं नाव कवा लावशील रं?"

"मरशील तवा."

"मंग आजून थांब. चिंबोऱ्यांचा मोसम जावंदे."

मोसम गेला आणि त्यानंतरच्या थंडीत आय खरंच गेली. फार आजारी नव्हती. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. दहाव्याला आम्ही स्टुडिओतले सगळे गाढी नदीच्या काठी गेलो होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर दहाबारा कावळे बसलेले, खाली मान करून बघत, पण एक उतरेल तर शपथ. नातवंडांना सांभाळू म्हणून झालं, गावदेवीचा मान चुकवणार नाही म्हणून झालं. ऊन चढलं. भटजींना पुढचं काम होतं, ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात आहे. लहूदादा म्हणाले, "शास्त्रात असंल. पटत नाय." मंडळी सावलीत जाऊन बसली. ते पाण्याकडेला उभेच. शेवटी ते पुढे झाले आणि त्या मांडवभर आवाजात म्हणाले, "आये, तुजं नाव लावतंय गो मशीनीत. ये आता." कावळा आला, तेव्हा मी तिथं होते. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, आणि तरीही माझ्या अंगावर काटा आला होता.

तेराव्यानंतर लहूदादा नवी डिस्क घेऊन आले. हळदकुंकू लागलं. आतापर्यंत मशीनमध्ये सोळा डिस्का होत्या, ही सतरावी. आम्ही उभे राहिलो. एकेक नाव येत गेलं, सोळावं नाव आलं, आणि पडदा काळा झाला. परत बटण दाबलं. परत सोळा आणि काळोख. लहूदादांनी आयची डिस्क या खणातून त्या खणात घातली. मग एक वेगळंच नाव शेवटाला गेलं आणि आय आली, पण तो बिचारा राहिला. कुणीतरी एक बाहेरच. त्या बूटलोडरला सोळाच्या पुढे मोजताच येत नव्हतं. ज्यांनी तो लिहिला त्यांना वाटलं असेल, एवढ्या डिस्का लावतंय कोण.

लहूदादा खुर्चीवर बसले. नियम मोडून बसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "सोला देवांवर आयनं हाक थांबवली आसती," ते म्हणाले, "तर बाकीच्यांनी लगीन होव दिला आसता काय?" आणि मग अगदी हळू, "शब्द दिलाय मी तिला."

सुहेल तेव्हा तिथंच होता. सुहेल मुकादम पनवेलच्या मोहल्ल्यातला, खारघरच्या एका कंपनीत सर्व्हरचीच कामं करणारा. बहिणीच्या निकाहचं शूटिंग लहूदादांनी केलं, तेव्हापासून सुटीच्या दिवशी येऊन बसायचा. तो म्हणाला, "चाचा, सिस्टिम एका वेगळ्या छोट्या डिस्कवर ठेवा ना. मग या सगळ्या डिस्का नंतर आरामात ओळखता येतील. झंझटच खतम." सल्ला सोन्यासारखा होता. हे मला आता कळतं. लहूदादा त्याच्यावर खेकसले, "मंग मानसांना हाका कशाला मारायच्या? उंबरा एका घराचा आन् घर दुसरीकरं?"

मग ते त्या बूटलोडरच्या पोटात शिरले. लग्नसराई तोंडावर आली होती. शूटिंग आम्ही बाकीच्यांनी कसंबसं ओढलं, आणि हे दार लावून आत. मला त्यातलं समजलं ते इतकंच. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला एक पाटी असते, तिच्यावर कोणकोण सोबती आहेत ते लिहिलेलं असतं. त्या पाटीवर सोळाच ओळी होत्या, आणि पाटीला खेटूनच पुढचा मजकूर सुरू व्हायचा. सतरावी ओळ घालायची तर पुढचं सगळं आणखी पुढे सरकवायला हवं. लहूदादांनी ते सरकवलं. सगळ्या डिस्कांवरचं. एकदा तर आठवडाभर मशीन मेल्यासारखं पडून होतं आणि कुंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, डबा घेऊन येऊन दाराबाहेर बसायच्या. आत हाक मारायची त्यांची छाती होत नव्हती. "आय गेली तवा रडलं नाय हे," त्या मला म्हणाल्या. "आता आत बसून काय करतंय देव जाने."

एका सकाळी दार उघडलं आणि हाक आली, "उभं रा!" आम्ही धावलो. गोमा, पदीबाय, झिपरू, एकेक करत सोळा झाले, पडदा क्षणभर अडखळला, आणि ओळ आली. आय – हाय.

लहूदादा मोठ्यानं हसले. मग जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. पांढऱ्या बुटांवर पाणी पडत होतं. तासाभरानं तोंड धुऊन आले, मिशी नीट केली आणि आम्हा सगळ्यांना गाडीत घालून करंजाला नेलं. बंदरात मासळीचा लिलाव चाललेला. लिलाव करणाऱ्यापेक्षा यांचाच आवाज मोठा. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आता शंभर मेली तरी जागा हाय!" ऐकणारे जरा लांब सरकून उभे राहत.

एवढं केल्यावर ते जगाला द्यावं असं त्यांना वाटलं. सुधारणा लिहून त्यांनी मूळ बूटलोडर सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. तिकडे कुठल्या तरी थंड देशात बसलेला एक सभ्य गृहस्थ होता. त्यानं आभार मानले, काम मेहनतीचं आहे म्हणाला, आणि दोन शंका काढल्या. एक, पाटी अशी सरकवलीत तर इतर सगळ्या सिस्टिमना या डिस्का कोऱ्या दिसतील, दुसरं कुणीच त्या वाचू शकणार नाही. दोन, एखादी डिस्क आलीच नाही तर तुमचा प्रोग्राम कायमची वाट बघत बसेल, त्या वाट बघण्याला काही मर्यादा घाला. लहूदादा भडकले. उत्तराचा मसुदा मला देऊन म्हणाले, "मॅडम, यान् जरा साखर घाला." साखर घालून घालून मी थकले. 'तुम्ही आयुष्यात सतरा डिस्का एका ठिकाणी पाहिल्या आहेत काय' याचं मी 'आमच्याकडची गरज थोडी वेगळी आहे' केलं. गृहस्थाचं पुन्हा नम्र उत्तर आलं, की मर्यादा तेवढी घालाच.

"वाट किती बगायची ते ह्यो सांगनार?" लहूदादा मला म्हणाले, जणू तो गृहस्थ मीच. "दहाव्याला कावल्याची वाट बगताना आपन घड्याल लावतो काय?"

मी म्हटलं, "दादा, कावळा जिवंत असतो. डिस्क मरते."

त्यांनी माझ्या हातातला मसुदा काढून घेतला. पुढचं पत्र गेलंच नाही. पटलं नाय. त्यांचा तो सगळा लिहिलेला प्रोग्राम त्या मशीनमध्येच राहिला, आयसोबत आणि नंतर तिच्यामागून आलेल्या तिघांसोबत.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी मिशी कोरताना त्यांच्या हातातला आरसा पडला. आवाज ऐकून वहिनी आल्या तर हे खाली, उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, वाचा हळूहळू येईल. आली, एका शब्दापुरती. हाय. भूक लागली का, हाय. दुखतंय का, हाय. पंखा बंद करू का, हाय, आणि बंद केला की डावा हात आपटायचे. ज्या माणसानं जन्मभर 'नाय' म्हणत दिवस काढले, त्याला आता नाही म्हणता येत नव्हतं. भेटायला गेले की मला ते बघवायचं नाही. 'हाय' हा एकच शब्द ते दहा तऱ्हांनी म्हणायचे आणि त्यातली एकही मला नीट कळायची नाही.

लहूदादा पडल्यावर एकदा सुरू केलेलं मशीन आम्ही रात्रीही बंद केलं नव्हतं. कुणाची हिंमत होती? पण एका दुपारी लाईट गेली, बॅटरीनं मान टाकली आणि पंखे थांबले. लाईट आल्यावर मी बटण दाबलं. आम्ही उभे राहिलो. सोळा नावं आली. मग आय. आणि तिच्यापुढे, वाट बगतंय. संध्याकाळी स्टुडिओ बंद करताना तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तेव्हाही तेच.

सुहेल आला. दोन दिवस बसला. डिस्क खाटखाट वाजत होती, ती मेली हे त्यानं लगेच सांगितलं. ते फार मोठं नव्हतं. "मॅडम, डेटा सगळा आहे," तो म्हणाला. "बाकीच्या डिस्का मिळून तिचं भरून काढतील. अम्माजींची गाणी, सगळं. फक्त हा बूटलोडर तिच्याशिवाय पुढं जायला तयार नाही. आणि बाहेरून दुसऱ्या सिस्टिमनं बघावं तर सगळ्या डिस्का कोऱ्या दिसतात. पाटी कुठं आणि कशी सरकवली ते फक्त चाचांना माहीत. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम मिळाला तर तासाभराचं काम आहे. कुठं आहे तो?"

मी मशीनकडे बोट दाखवलं.

त्यानं डोकं धरलं. मग माझ्याकडची जुनी पत्रं मागितली. त्यांत पहिली सुधारणा होती, पण लहूदादांनी नंतर पुन्हा बरंच काही हलवलं असावं, ते जुळेना. "जबरदस्ती करून बघू शकतो," सुहेल म्हणाला, "पण अंदाज चुकला तर आहे तेही जाईल. मी हात लावणार नाही. तोबा." आणखी दोघा जाणकारांना त्यानं दाखवलं. तेही हेच म्हणाले.

माणसं मात्र येतच होती. वडिलांचं वर्षश्राद्ध आहे, तेवढं चालतं चित्र द्या. जुनं घर मुलांना दाखवायचंय. सगळं आहे, आतच आहे, पण देता येत नाही, हे त्यांना कसं समजावायचं? मी मशीन बिघडलंय म्हणायचे. ती म्हणायची, मग दुरुस्त झालं की फोन करा. मी हो म्हणायचे.

लहूदादा त्याच वर्षी गेले. दहाव्याला कावळा लगेच शिवला. वहिनींनी कुणालाही न विचारता एक नवी डिस्क आणली, तिला हळदकुंकू लावलं आणि मशीनच्या डोक्यावर ठेवली. "ह्यांची," एवढंच म्हणाल्या. ती अजून तिथंच आहे. ती आत लावणार कोण, आणि लावली तरी तिचं नाव घेणार कोण? आधीच आयच्या मागे तिघं ताटकळलेत. मी रोज तिच्यावरची धूळ पुसते.

पण मला लहूदादा आठवतात ते जाण्याच्या महिनाभर आधी स्टुडिओत आले तसे. सुहेलनंच सुचवलं होतं, चाचांना मशीनसमोर आणू, कदाचित काही दाखवतील. चौघांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून वर आणलं. पायांत पांढरे बूट होते, वहिनींनी घातलेले. सुहेल गुडघे टेकून समोर बसला. "चाचा, प्रोग्रामची दुसरी कॉपी आहे?" हाय. "घरी आहे?" हाय. "पेनड्राइव्हमध्ये?" हाय. "का नाहीच आहे?" हाय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा सुहेलनं विचारणं थांबवलं. डाव्या हाताखाली कीबोर्ड दिला. त्यांनी एक अक्षर दाबलं, ते पडद्यावर बघितलं आणि हात मांडीवर ठेवून दिला. अक्षरंही गेली होती.

"एकदा चालू करा," वहिनी म्हणाल्या. "बगूदे ह्यांना."

मी बटण दाबलं. पंखे घोंघावले. आम्ही सगळे उभे होतोच, पण लहूदादाही उठायला लागले. सुहेलनं एका बगलेतून, वहिनींनी दुसऱ्या बगलेतून धरलं. गोमा, पडद्यावर आलं. "हाय," लहूदादा म्हणाले. पदीबाय. "हाय." झिपरू. "हाय." एकही चुकला नाही. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या जागी पडत होता, आणि आवाजही जरा जुन्यासारखा वाटला. सोळा झाले. मग आय. वाट बगतंय.

लहूदादा थांबले. ते बघत राहिले. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग लहूदादांनी मान पुढे केली आणि म्हणाले, "हाय."

ओळ हलली नाही.

"हाय," ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, गाढीच्या काठी तिला हाक मारली होती तसं. मग मशीनकडे डावा हात करून परत, आणि परत. मशीनला ऐकू येण्याची काही सोय नव्हती. आम्ही उभे होतो. सुहेलला आणि वहिनींना भार पेलवत नव्हता, खुर्ची मागेच होती. पण शेवटचं नाव आल्याशिवाय बसायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि 'बसा आता' असं सांगणाऱ्याला ते दोन शब्द येत नव्हते.